हात थांबले की वाक्य चुकलं

अमरावतीत मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. पहिली, जी माझ्याकडे प्राणिशास्त्र शिकली; ती रस्त्यात दिसली की फोन कानाला लावतात. दुसरी मला 'माकडवाले सर' म्हणतात आणि हमखास गाठून उभं करतात. "सर, मानूस माकडापासून झाला ना, मंग आताचे माकडं मानूस काहून होत नाईत?" चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हे विचारलं गेलं आहे. आजोबा एक असले म्हणून चुलतभावाला कोणी बाप म्हणत नाही, हे मी उभ्या आयुष्यात किती लोकांना सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी. हल्ली मी म्हणतो, माकडं यायला निघाली होती, आपल्याला पाहून परत फिरली. लोक हसतात आणि मला चहा पाजतात.

माणूस माणूस कसा झाला, यावर मी लिहितो. कॉलेजातल्या नोकरीने पोट भरलं, पण जीव लिहिण्यात होता. वर्तमानपत्रातलं साप्ताहिक सदर, तीन-चार पुस्तकं, गावोगावची व्याख्यानं. सदर बरीच वर्षं राशिभविष्याच्या बरोबर खाली छापलं जायचं. वाचक आधी मकर राशीला काय म्हटलंय ते बघणार आणि मग उरलेल्या चहाबरोबर लाखो वर्षांपूर्वीचा माणूस. तक्रार केली तर संपादक म्हणाले, "सर, ती सगळ्यात जास्त वाचली जाणारी जागा आहे."

पण पहिला लेख त्यांनी परत केला होता. चांगला आहे, पण कळत नाही, एवढंच म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो लेख खिशात घालून मी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला ताईकडे गेलो. राग आला की तिच्याकडे जायचं, ही लहानपणापासूनची खोड.

आमचं घर माळ्याचं. अकोल्याच्या कडेला थोडी जमीन, तीत वांगी, मेथी आणि बांधालगत फुलं. आई पहाटेच टोपली घेऊन बाजारात जायची, वडील पिकाला पाणी द्यायला. मी ताईच्या कडेवर वाढलो. ती माझ्याहून इतकी मोठी नव्हती की कडेवर घ्यावं. माझे पाय जमिनीला घासत, असं शेजारीण सांगायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली, माझी चालू राहिली. तिचं लग्न अकोल्यातच एका हारफुलंवाल्याशी झालं. मुलगा लहान असतानाच मेहुणे गेले, आणि दुकान तिनं चालवलं. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. माझं असं माणूस म्हणजे तीच.

त्या दिवशी दसरा तोंडावर होता. मागच्या अंगणात ओल्या पोत्यांवर झेंडूचे ढीग, आणि ताई लांब सुई घेऊन ओवत बसलेली. मी संपादकाला शिव्या घालत लेख मोठ्यानं वाचायला लागलो. तिनं ऐकावं म्हणून नाही, माझी आग निघावी म्हणून. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की तिचे हात थांबले आहेत. फूल एका हातात, सुई दुसऱ्या हातात.

"काहून थांबली?" मी विचारलं.

"मी कुठी थांबली? तू वाच ना बाबू."

मी पुढे वाचलं. हात चालू झाले. जरा वेळानं परत थांबले. तेव्हा मी मागे जाऊन ते वाक्य पाहिलं. 'द्विपाद गमनाच्या अनुषंगाने श्रोणीच्या रचनेत घडून आलेले बदल' असं काहीतरी होतं. मी ते तिथल्या तिथं तोंडानं बदललं. माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्यासाठी कंबर अरुंद झाली, आणि म्हणून बाईला बाळंतपण जड जातं. सुई सपकन झेंडूतून गेली. तीनचार फुलं ओवून झाल्यावर ती म्हणाली, "मंग उभं राह्याची गरजच काय होती? काहून राह्यलं उभं?"

तो 'काहून' माझा पुढच्या आठवड्याचा लेख झाला. पहिलाही छापून आला.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. शनिवारी कॉलेज सुटलं की बडनेरा, मग मूर्तिजापूर, मग अकोला. लेख वाचायचा आणि तिच्या हातांकडे बघायचं. ओवणं हे तिच्या हातांचं काम, त्यात तिचं डोकं लागत नसे. डोकं माझ्या वाक्याबरोबर चालायचं. वाक्यात ठेच लागली की हातांनाही लागायची. हात थांबले की वाक्य चुकलं, एवढा साधा नियम. तिला शास्त्रातलं काही कळत होतं असं मी म्हणणार नाही. कित्येकदा मूळ मुद्दा ती पार उलटा समजायची आणि त्यावर भांडायचीही. पण वाक्य कुठं खोटं वाजतं ते तिच्या हातांना कळत होतं. माझ्या पुण्याच्या प्रकाशकांकडे याचं श्रेय नेहमी मला मिळालं. 'इतकी सोपी मराठी तुम्ही तिकडे राहून कशी लिहिता?' असं त्यांचे संपादक विचारत. त्या 'तिकडे'चा मला अजूनही राग आहे.

हा नियम मी ताईला पुष्कळ दिवस सांगितला नाही. सांगितल्यावर तिनं त्याचा गैरफायदा घेतला. स्वयंपाकाची वेळ झाली असली की लेख कितीही कठीण असो, हात खाली न ठेवता भराभर ओवत सुटायची, म्हणजे मी लवकर संपवावं. मी एकदा मुद्दाम अर्थ नसलेलं एक लांबलचक वाक्य मध्ये घातलं. हात चालूच. "ताई, हे कळलं तुले?" तर म्हणते, "नाई. पन भाजी करपून राह्यली."

एकदा तिला चिखलदऱ्याला नेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ती कामाशिवाय कुठं गेली. एका लंगुरानं तिच्या हातातलं केळं हिसकलं आणि कठड्यावर बसून तिच्याकडे बघत खाल्लं.

"हे आपले कोन लागतात म्हने?"

"दूरचे चुलत."

"मंग भाऊबंदकीच म्हन ना. म्हनूनच हातचं हिसकून राह्यले."

मी ते वाक्य लेखात घातलं. पत्रं त्या एका वाक्यावरच आली.

अशा लेखांमधला एक लेख गळ्यावर होता. तो मला आता पुन्हा वाचवत नाही. इतर बहुतेक प्राण्यांत श्वासाची वाट आणि अन्नाची वाट यांची मांडणी अशी असते की घास सहसा भलतीकडे जात नाही. माणसाचं स्वरयंत्र मात्र घशात खाली सरकलं. त्यामुळे आवाजाला जागा मिळाली, तऱ्हेतऱ्हेचे स्वर काढता आले, असं पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. यावर अजून वाद आहेत. पण त्याची किंमत अशी की माणसाला ठसका लागतो आणि घास अडकून माणूस मरू शकतो. मी मोठ्या झोकात शेवट केला होता की आपण बोलण्यासाठी जीव पणाला लावलेला प्राणी आहोत. ताईचे हात शेवटच्या वाक्यावर थांबले.

"यात काय नाई कळलं?" मी चिडलो.

"कळलं रे. पन बोलता आलं नसतं तं काय बिघडलं असतं? जनावरं जगूनच राह्यले ना. मुके."

"बोलता आलं नसतं तं मी तुले लेख कसा वाचून दाखवला असता?"

ती हसली आणि म्हणाली, "हे मात्र खरं." मी ते उत्तरही लेखाला जोडून दिलं. वाचकांना आवडलं. बोलण्यात असं एकदम बरोबर उत्तर सापडलं की मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग ते हाराचं झालं.

फुलांच्या धंद्यात एक गोष्ट पोराटोरालाही ठाऊक असते. लग्नाचे हार जोडीनं जातात, एका लांबीचे, एका फुलांचे, एकाच कागदात. ताईनं एका लग्नघरी एकच हार पाठवला. गुलाब आणि निशिगंधाचा, सुंदर, पण एकच. वरमाई दुकानावर येऊन एवढं बोलली की आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. लग्नात एकटा हार. तो कोणाच्या गळ्यात घालतात हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. भाच्यानं हात जोडले, दुसरा हार धावतपळत करून दिला. ताई मात्र ठाम. "मी दोनच देल्ले. त्याईनंच एक गमावला." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात तिनं दोन केले होते.

आम्ही सगळे हसलो त्यावर. वय झालं, म्हणालो. मीसुद्धा म्हणालो, मेंदूवर ढीगभर लिहिलेला माणूस.

विस्मरणाच्या आजाराबद्दल मी सांगायला लागलो की पाठ्यपुस्तक होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. नवं आधी जातं, जुनं मागून. उत्क्रांतीनं मेंदू जसा वरवर चढवत नेला, जुन्यावर नवं, तसाच तो वरून उतरत जातो, असं मी पूर्वी कुठंतरी लिहिलं होतं. इतकं सरळ ते नसतं. ताईच्या बाबतीत आधी कालचं जेवण गेलं. मग दुकानाचा रस्ता. मग मेहुणे वारले ही गोष्ट गेली, आणि ती त्यांची वाट बघायला लागली. भाचेसून बिचारी सांगायची, बाहेर गेलेत, येतील. माझी पुस्तकं गेली. मी लिहितो हे गेलं. एका शनिवारी मी वाचत असताना ती सुनेला हळूच म्हणाली, "हे मास्तर कोन हायेत? चांगलं वाचून राह्यले. त्याईले चहा दे."

मी तो चहा प्यायलो आणि पुढचं पान वाचलं.

पण ती ओवत होती. सुई बोटात जायला लागली म्हणून भाचेसुनेनं सुई काढून घेतली आणि गाठी मारायला नुसता दोरा दिला. फुलं कुस्करायला लागल्यावर दोराही गेला. मग ताई पदराचा काठ हातात धरून ओवायची. चिमटीनं न दिसणारं फूल उचलायचं, पुढे सरकवायचं, परत उचलायचं. दिवसभर. दुकानासाठी फुलं आली की त्यातली मूठभर शेवंती भाचेसून तिच्या मांडीवर ठेवायची, वासासाठी. मी वाचायचो, आणि माझी नजर तिच्या हातांवर. कठीण वाक्यापाशी ते थांबत होते. मला तरी तसं दिसत होतं.

इथं माझ्यातल्या शास्त्राच्या माणसानं मला झोपू दिलं नाही. ज्याला काही दिसावंसं वाटतं त्याला ते दिसतं, हे मी व्याख्यानांतून सांगत आलो. हात केव्हातरी थांबणारच; मी तेवढेच मोजणार आणि बाकीचे सोडून देणार. मला स्वतःलाच पकडता येत होतं. तरीही ती थांबली की मी ते वाक्य तिथल्या तिथं दुरुस्त करत राहिलो, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ते खरंच वाईट वाक्य असायचं. माझी वाक्यं बहुतेक वाईटच असतात, हेही त्याचं कारण असू शकतं.

एक गोष्ट मात्र नक्की गेली होती. ती 'काहून' विचारत नव्हती. शेवटचा 'काहून' तिनं कधी विचारला, हे मला आठवत नाही. तो शेवटचा आहे हे कळायला मार्ग नव्हता. पण तो कशाबद्दल होता एवढं तरी आठवायला हवं होतं, याचं वाईट मला अजून वाटतं.

त्या काळात मी शेवटचं पुस्तक लिहीत होतो. गुंतागुंत कशी तयार होते, यावर. एकेकट्या मुंगीला वारुळाचा आराखडा ठाऊक नसतो, तरी वारूळ होतं. पहाटेच्या भाजीबाजाराला कोणी मालक नसतो, तरी सूर्य वर येईपर्यंत साऱ्या अकोल्याची भाजी जिथल्या तिथं पोचते. मेंदूतल्या एकाही पेशीला ताई म्हणजे कोण ते माहीत नव्हतं, आणि सगळ्या मिळून ताई होत्या. हे पुस्तक मी माझ्यासाठी लिहीत होतो असं प्रकाशकाला सांगायचो. खरं म्हणजे ते ताईचे हात चालू आहेत तोवर पुरं करायचं होतं. त्यांच्याशिवाय मला खरंखोटं कळलं नसतं. आणि पुस्तकापेक्षाही, हात थांबतायत म्हणजे आत अजून कोणीतरी ऐकतंय, हे मला हवं होतं.

मग तिचं बोलणं गेलं. आधी वाक्यं, मग शब्द, मग नुसता आवाज. आणि बोलणं गेल्यावर ठसका सुरू झाला.

पाण्याचा घोट घेतला तरी ठसका. भाताचं शीत श्वासाच्या वाटेला. चेहरा काळानिळा पडायचा, भाचेसून पाठ चोळायची, भाचा घाबरून दारात उभा. मी लेखात लिहिलेला तो सौदा आता माझ्यासमोर पाटावर बसला होता. ज्यासाठी ही किंमत दिली ती वाचा गेली होती, आणि किंमत वसूल होणं तेवढं चालू राहिलं होतं. मला माझ्या त्या झोकदार शेवटाची लाज वाटली असं नाही, चीड आली. कोणावर, ते सांगता येत नाही. लाखो वर्षांवर कोण चिडणार?

एकदा ठसक्यानंतर ताप भरला, छातीत कफ झाला. दवाखान्यात नेलं. तिथं नाकातून नळी घातली, तीतून पातळ अन्न. ताईनं पहिल्याच दिवशी ती ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग तिचे हात मऊ पट्टीनं पलंगाच्या दांड्यांना बांधले. नर्स चांगली होती. तिनं पट्टीखाली कापूस ठेवला होता.

मी शनिवारी पोचलो तेव्हा ती अशी होती. दोन्ही हात बांधलेले, आणि बोटं तेवढी हलत होती. चिमूट, सरकव, चिमूट. काठ नव्हता, दोरा नव्हता, हात पोचेल असं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून नीट सांगितलं. नळी ठेवली तर पोटात अन्न जाईल, पण ती ओढणार, म्हणजे हात बांधलेलेच राहणार. नळी काढली तर हातानं भरवायचं. बसवून, हनुवटी खाली करून, घट्टसर, थोडं थोडं. त्यातही केव्हातरी घास भलतीकडे जाणार. किती दिवस, कोणी सांगू शकत नाही. घरच्यांनी ठरवा.

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तुमीच सांगा. तुमी याच्यावरच लिवलं ना."

लिहिलं होतं खरं. सगळ्या माणसांच्या घशाबद्दल मी लिहिलं होतं. या एका घशाबद्दल नाही. भाचा म्हणत होता, नळी काढली तर आपणच उपाशी मारल्यासारखं होईल, लोक काय म्हणतील. त्याचं चूक नव्हतं. तो तिचा मुलगा होता आणि त्याला ती हवी होती, कशीही. मलाही कशीही हवी होती. हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटी भाचेसून बोलली. तिनं आजवर आमच्या मामा-भाच्याच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. "मामाजी, मी भरवतो त्याईले. दिवसभर बसन मी. पन त्याईचे हात सोडा. बांधलेले हात पाहवत नाई मले."

मग मी हो म्हणालो. भाचा रडला, पण त्यानंही सही केली.

ताईला घरी आणलं. मागच्या अंगणाच्या दारात, उन्हाच्या तिरिपीत, पाठीला उशा लावून तिला बसवायचं. मी अमरावतीचं घर बंद करून अकोल्यालाच येऊन राहिलो. भरवण्याची पाळी आम्ही वाटून घेतली. घट्ट वरणात कालवलेला मऊ भात, चमच्याच्या टोकावर येईल एवढाच. हनुवटी खाली. गिळलं का ते गळ्याकडे बघून ओळखायचं. गळ्याचा तो लहानसा उंचवटा वर जाऊन खाली आला की एक घास पार पडला. आजवर मी कुठल्याच गोष्टीकडे इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं, सूक्ष्मदर्शकातूनही नाही. एका वाटीला सकाळ जायची. लहानपणी मी जेवायला फार त्रास देत असे आणि ताई वाटी घेऊन माझ्या मागं मागं वावरभर हिंडायची, असं आई सांगायची. मला त्यातलं काही आठवत नाही. तिला आठवलं असतं, पण आता तिच्याकडूनही ते गेलं होतं. म्हणजे ती गोष्ट आता कोणापाशीच नव्हती.

भरवून झालं की मी वाचायचो. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. माणसाचं पोर इतकं दुबळं का जन्मतं आणि तरी जगतं कसं, याबद्दलचं. तिचे हात पदरावर चालू असायचे, हळू झाले होते एवढंच. मधूनच थांबायचे. मी वाक्य बदलायचो. परत चालू व्हायचे.

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी तिनं नेहमीपेक्षा जास्त खाल्लं होतं, ठसका लागला नाही, म्हणून भाचेसून खूश होती. तिनं मूठभर शेवंती ताईच्या मांडीवर ठेवली आणि ती आत धुणं घ्यायला गेली. मी कागद काढले आणि वाचायला लागलो. एक वाक्य असं होतं: 'मानवी अपत्यसंगोपनाचे स्वरूप मूलतः सामूहिक असून माता ही त्यातील एकमेव घटक नाही.'

ताईचे हात थांबले.

बरोबरच होतं. काय भयंकर वाक्य होतं ते! इतकी वर्षं लिहून पुन्हा मी त्याच चिखलात. मी स्वतःशीच हसलो आणि त्याखाली सोपं करून लिहीत म्हणालो, "माणसाचं लेकरू एकट्या आईच्यानं वाढत नाही; आई कामाला गेली की त्याला दुसरं कोणीतरी भरवतं, म्हणून ते जगतं."

हात थांबलेलेच.

अजून कुठं अडतंय? मी कागदावरची नजर न काढता विचार केला. 'दुसरं कोणीतरी' हे पोकळ आहे, असं वाटलं. कोणीतरी म्हणजे कोण? ताईला असलं मोघम कधीच चाललं नव्हतं. मी पुन्हा पेन उचललं आणि त्याखाली आणखी सोपं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

"मला तू भरवलंस."

मग मी वर पाहिलं. चिमूट तशीच होती, शेवंतीचं एक फूल तिच्यात धरलेलं. भाचेसून ओले कपडे खांद्यावर घेऊन दारात आली, तिनं ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मामाजी," ती म्हणाली, "थांबा आता. वाचू नका."

वाक्यात चूक नव्हती.

पुस्तक तयार व्हायला पुढे बरेच दिवस गेले. पुण्याहून संपादकांनी तपासलेली प्रत पाठवली. ते अतिशय काळजीनं काम करतात. शेवटच्या प्रकरणात त्यांनी समासात लिहिलं होतं की इथं एकच गोष्ट तीनदा आली आहे. पहिली दोन वाक्यं चालतील, तिसरं काढावं. शास्त्रीय विवेचनात अचानक हा 'तू' कोण, असा वाचकाला प्रश्न पडेल.

तिसरं राहू द्या, पहिली दोन काढा, असं मी कळवलं.